मूल खेळतं तेव्हा आपण काय बघतो?

(अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्या यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

काल दिवसभर आपण मानधन, पेन्शन, ग्रॅच्युइटी यांवर बोललो. रात्री उशिरापर्यंत गाणी झाली. आज सकाळी फळ्यावर 'मुलांचा खेळ' असा विषय लिहिलेला बघून मागच्या रांगेतल्या एक ताई म्हणाल्या, "म्हणजे आता टाळ्या वाजवायच्या का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्यांच्या प्रश्नात तथ्य आहे. बायकांच्या शिबिरात मुलांचा विषय निघाला की आपल्याला वाटतं, झालं, पुन्हा आपल्याला आईपण शिकवायला बसवलं. आयुष्यभर तेच ऐकत आलो आहोत. तेव्हा सुरुवातीलाच सांगते, मी आईपणाबद्दल बोलणार नाही. मी एका कामाबद्दल बोलणार आहे. ते काम तुमच्यातल्या कितीतरी जणी रोज करतात, पण त्याला कुणी काम म्हणत नाही. तुम्ही स्वतःही म्हणत नाही.

आधी एक प्रसंग सांगते. ऊसतोडीच्या हंगामात एका कारखान्याच्या परिसरात आम्ही कोप्यांच्या वस्तीवर बालवाडी चालवत होतो. बहुतेक कुटुंबं बीडकडची. आया पहाटे तीनला उठून, भाकरी बांधून, नवऱ्यांबरोबर फडात जायच्या. मुलं मागे राहायची. एका सकाळी मी पोचले तेव्हा बालवाडी भरायची होती आणि पाच-सहा मुलं कोप्यांच्या मागे खेळत होती. त्यांनी पाचटाच्या मुठी मुठी करून पाचटानंच बांधल्या होत्या. त्या मोळ्या. दोन विटांवर एक फळी तिरकी टेकवली होती. ती ट्रॅक्टरला लावायची फळी. एक मुलगी, असेल पाच-साडेपाच वर्षांची, डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी घ्यायची, फळीवरून तोल सांभाळत वर जायची आणि मोळी पलीकडे टाकायची. एकदा ती थांबली, टाकलेल्या मोळ्यांकडे बघितलं आणि खालच्या पोराला म्हणाली, "सात झाल्या. धा भरायच्यात. तीन आन."

मला अगदी गहिवरून आलं. दहातून सात गेले तीन! मी शिकवणारी बाई, मला राहवेना. मी पुढे झाले, खाली बसले आणि गोड आवाजात विचारलं, "बाळ, किती मोळ्या आहेत गं या?"

ती उभी राहिली. हात मागे घेतले, मान खाली घातली आणि गप्प झाली. मी पुन्हा विचारलं. शेजारचा पोरगा म्हणाला, "तिला येत न्हाई." दोन मिनिटांत खेळ मोडला आणि सगळी मुलं रांगेत येऊन बसली, कारण बाई आल्या होत्या.

त्या दिवशीच्या वहीत मी काहीच लिहिलं नसतं, तर "संख्याज्ञान नाही" एवढी नोंद झाली असती, आणि ती नोंद मी स्वतः प्रश्न विचारून, पडताळून केलेली असती. म्हणून मला त्या दिवसाची आठवण आजही टोचते. त्या मुलीला येत होतं. फडातल्या कामातून, आईच्या मागे मागे राहून, स्वतःच्या खेळात ती ते वापरत होती. माझ्या एका प्रश्नानं खेळाची परीक्षा झाली, आणि परीक्षा म्हणजे काय असते हे तिला आधीच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि लांब बसून राहिले. स्वेटर विणायला घेतला होता, म्हणजे मुलांना वाटावं, बाई आपल्या कामात आहेत. मोळ्या पुन्हा भरल्या गेल्या. मग एक मुलगा मुकादम झाला. सुबाभळीच्या शेंगा म्हणजे नोटा. तो सगळ्यांना उचल वाटायला लागला. आपल्यापैकी ज्या त्या भागात काम करतात त्यांना माहीत आहे, तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि हातात घेतो तो पुरुष. तर या छोट्या मुकादमानं एका पोराच्या हातावर शेंगा ठेवल्या. कालचीच मुलगी पुढे आली, म्हणाली, "मी बी मोळ्या टाकल्यात की. माझी कुठंय?" मुकादम म्हणाला, "तुझी त्याच्यातच हाय." ती जरा वेळ उभी राहिली. मग त्या पोराच्या हातातल्या शेंगांतल्या निम्म्या तिनं ओढून घेतल्या. भांडण झालं. खेळ तिथेच संपला.

आता सांगा, आपण स्त्रियांच्या श्रमाच्या मोजदादीवर इतकी व्याख्यानं देतो. त्या पोरीनं तो सगळा विषय एका वाक्यात मांडला होता. मी जर पुन्हा "किती शेंगा आहेत गं?" म्हणून मधे तडमडले असते, तर तो माझ्या कानावर पडलाच नसता.

तर बघणं म्हणजे काय, हे मी तेव्हापासून शिकते आहे. ते दिसतं तितकं सोपं नाही. आपल्याला बघायची सवयच नसते, शेरे मारायची असते. तुमच्या जुन्या नोंदवह्या उघडून बघा. "हट्टी आहे." "हुशार आहे." "लाजाळू." "मिसळत नाही." "मंद." हे शेरे झाले. यातून ते मूल काय करत होतं ते कळत नाही. आपल्याला त्या दिवशी काय वाटलं तेवढंच कळतं.

एक उदाहरण सांगते. एका बालवाडीत एक चार वर्षांची मुलगी होती. तिला आपण छकुली म्हणू. सेविका ताई मला म्हणाल्या, ही सहा महिन्यांत एक शब्द बोललेली नाही, बहुतेक डोक्यानं कमी आहे. मी म्हटलं, आपण दोघी पंधरा मिनिटं हिच्याकडे नुसतं बघू. तुम्ही तुमच्या वहीत लिहा, मी माझ्या. फक्त ती काय करते ते लिहायचं, कशी आहे ते लिहायचं नाही.

छकुली वाळूच्या ढिगाजवळ बसली होती. हातात एक करवंटी आणि एक पत्र्याचा डबा होता. डब्याच्या बुडाला भोक होतं. ती करवंटीनं वाळू भरायची, डबा उचलायची आणि वाळू खालून सांडायची. तिनं तीन वेळा तसं केलं. चौथ्यांदा डबा उचलून खालून बघितला आणि भोकात बोट घातलं. बोट तसंच ठेवून वाळू भरायला गेली, तर एक हात अडकला, करवंटी नीट धरता येईना. बोट काढलं. इकडेतिकडे बघितलं. वडाचं पान उचललं आणि बाहेरून, खालून लावलं. ते पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. मग तिनं पान डब्याच्या आत, बुडाशी घातलं आणि हातानं दाबलं. वाळू भरली. उचलला. सांडली नाही. तिनं तो भरलेला डबा सहा-सात वेळा नुसता वर उचलला आणि खाली ठेवला. हसली नाही, कुणाला दाखवलंही नाही. मग शेजारच्या पोराच्या डब्याकडे बघितलं. त्यालाही भोक होतं. त्याच्यासाठी तिनं एक पान आणलं आणि त्याला आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं. ते चांगलं लांबलचक वाक्य होतं.

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी काही बोलले नाही. त्यांनी वहीत लिहिलं होतं ते अजून माझ्याकडे आहे: "पान आतून लावलं. भोक बुजलं. दुसऱ्याला सांगितलं. वारलीत बोलली." बस, एवढंच. पण बघा, या चार ओळींत केवढं आलं! अडचण कुठे आहे ते तिनं शोधलं. एक उपाय करून पाहिला, तो फसला, दुसरा केला. पान बाहेरून राहत नाही पण आतून वाळूच्या वजनानंच दाबून बसतं, हे तिला हाताला कळलं. कळलेलं तिनं वाटूनही घेतलं. 'मुकी' मुलगी घरच्या भाषेत बोलत होती आणि आपण प्रमाण मराठीत कान लावून बसलो होतो.

मग ताईंनी विचारलं, "आता मी काय करू? हिला शिकवू काय?" हा प्रश्न फार चांगला आहे, कारण नुसतं बघत बसणं हे काही काम नव्हे. आम्ही दोघींनी ठरवलं, उद्या वाळूजवळ आणखी तीन गोष्टी ठेवायच्या: एक जुनी चाळणी, एक धड डबा आणि फडक्याचा तुकडा. काही सांगायचं नाही. आणि मदतनीस ताई वारली होत्या. त्यांनी रोज दहा मिनिटं तिथे येऊन बसायचं, तांदूळ निवडायला घेऊन. त्या बसल्या आणि तिसऱ्या दिवशी छकुली त्यांना चाळणीतून काय पडतं आणि काय राहतं ते सांगत होती. मदतनिसांना आपण चूल, भांडी आणि झाडूपुरत्या धरतो. त्या बालवाडीत मुलांची भाषा येणारी शिक्षिका त्याच होत्या, आणि हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मदत ती एवढीशीच असते. एखादी वस्तू वाढवायची, एखादी काढून घ्यायची. खेळ रंगात आला असेल तर 'आता ओळीत बसा' हे दहा मिनिटं पुढे ढकलायचं. मुलानं विचारलं तरच बोलायचं. खेळात शिरायचंच असेल तर खेळातलं पात्र होऊन शिरायचं, बाई होऊन शिरायचं नाही. दुकान मांडलं असेल तर गिऱ्हाईक व्हा. "दोन रुपयांची मिरची द्या हो" म्हणा, आणि देताना मूल मोजतं की नाही ते तुम्हाला आपोआप दिसेल.

महाग साहित्य लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला चिंचोके, शिंपले, बिया, पानं, बांबू, दगडगोटे यांवर बालवाडी उभी केली. तो वारसा आपल्या घरचा आहे. रंगीत प्लॅस्टिकची पेटी आली तर घ्या, वापरा. मुख्य म्हणजे ती कपाटाला कुलूप लावून ठेवू नका. मोडेल, ऑडिट येईल, या भीतीनं कितीतरी अंगणवाड्यांत खेळणी कोरी करकरीत राहतात. ही भीती सेविकेची चूक नाही. मोडक्या खेळण्याचा हिशेब तिच्याकडे मागणाऱ्यांची आहे.

आता जरा आपल्याकडे वळते. बघायला लागलं की मुलांबरोबर आपणही दिसायला लागतो. एका अंगणवाडीत आम्ही पंधरा दिवस नुसत्या रेघोट्या मारल्या. भातुकलीच्या कोपऱ्यात कोण, ठोकळे आणि चाकाच्या गाड्यांजवळ कोण. अंदाज तुम्हाला आहेच. गंमत ती नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही ताईंच्याच बोलण्याच्या रेघोट्या मारल्या, त्यांची परवानगी घेऊन. मुलीला त्या म्हणायच्या, "किती छान फ्रॉक, मळवू नको हं." मुलग्याला म्हणायच्या, "वा, केवढा उंच मनोरा!" सतरंजी घडी करायला हाक कुणाला, तर मुलीला. एक मुलगा तव्यावर मातीची भाकरी थापत होता, अगदी मन लावून, कडा नीट वळवत. ताई सहज हसून म्हणाल्या, "अरे, बायको आणायची राहिली का तुझी?" तो उठला तो परत त्या कोपऱ्यात गेलाच नाही. ताई चळवळीतल्या आहेत, मोर्चात पुढे असतात. त्यांनाच सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

उपाय म्हणून आम्ही भाषण दिलं नाही. भातुकली आणि ठोकळे यांच्यामधली सतरंजी काढून टाकली आणि दोन्ही कोपरे एक केले. दोन दिवस मारामाऱ्या झाल्या. मग ठोकळ्यांचं घर झालं, घरात चूल आली, चुलीसाठी लाकडं आणायला गाडी लागली. गाडी एका मुलीनं चालवली. सगळं काही बदललं असं मी म्हणणार नाही. चौथ्या दिवशी मुलगे मालक आणि मुली स्वैपाकीण झाल्याच. पण कोण कुठे बसतं यात थोडी हालचाल झाली, आणि ती वहीत दिसली.

अवघड खेळही असतात. 'घर-घर' मांडलेलं असतं. एक मुलगा झुलत झुलत येतो, "ए, जेवायला वाढ" म्हणतो आणि काठी उगारतो. मुलगी बाहुली घेऊन कोपऱ्यात सरकते. अशा वेळी आपली पहिली प्रतिक्रिया काय? "असलं खेळायचं नाही! चला, गाणं म्हणू या." कारण आपल्याला ते बघवत नाही. आपल्यातल्या कित्येकींच्या घरातही ते घडलेलं असतं. पण खेळ बंद केला म्हणून मुलाच्या मनातलं बंद होत नाही. त्याला एवढंच कळतं की ही गोष्ट बालवाडीत आणायची नाही.

एका ताईंनी काय केलं ते सांगते. कुणाला लागत नाही ना, एवढं बघून त्या थोडं थांबल्या. मग हातात वाटी घेऊन 'दारात' गेल्या. "अहो वैनी, जरा मीठ आहे का?" ती चिमुरडी म्हणाली, "आता नको, आमचा माणूस आलाय." ताई म्हणाल्या, "मग चला की आमच्याकडे जरा वेळ. बाळालाही घ्या." मुलगी बाहुली घेऊन उठली आणि ताईंच्या 'घरात' येऊन बसली. काठीवाला मुलगा बघतच राहिला. जरा वेळानं तोही आला आणि म्हणाला, "मला बी यायचंय." ताईंनी त्याला काठी बाहेर ठेवायला सांगितली. त्यानं ठेवली. तिघांनी खोटा खोटा चहा घेतला.

यावर फार अर्थ लावत बसू नका. मूल खेळतं ते सगळं त्याच्याच घरात घडतं असं नाही. शेजारी बघितलेलं असतं, टीव्हीवर बघितलेलं असतं. लगेच आईला गाठून "तुमच्याकडे मारहाण होते का?" असं दारात उभं राहून विचारू नका, तिचीच अडचण वाढेल. पण तोच खेळ पुन्हा पुन्हा दिसला, मूल दचकायला लागलं, तर गृहभेटीला जा, बसा, ऐका. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा आहे. तो आपल्याला माहीत आहे, तिला माहीत असेलच असं नाही. आणि मुलाच्या खेळात लैंगिक अत्याचाराची शंका यावी असं काही दिसलं तर नुसती वहीत नोंद करून थांबायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मात्र मुलाला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू नका.

आता ज्या मुलीसाठी मी आज खरं तर आले, तिच्याबद्दल बोलते. ती हजेरीपटावर नसते. आठ-नऊ वर्षांची असते, कडेवर धाकटा भाऊ असतो. बालवाडीच्या दाराला टेकून उभी असते. त्या ऊसतोडीच्या वस्तीवर अशा तिघी-चौघी होत्या. आमच्या नोंदीत त्यांच्यापुढे 'सोबत आलेली' असं लिहिलेलं असायचं. एके दिवशी एकीचा भाऊ झोळीत झोपला. तिनं दोनदा वाकून बघितलं, खरंच झोपलाय ना. मग ती धावत वाळूत गेली आणि लहान पोरांच्यात बसून हातावर वाळूचा खोपा करायला लागली. दुसरीतिसरीतली एवढी मोठी पोर. दोन खोपे झाले, तिसऱ्याला भाऊ रडला. तिनं हात झटकले आणि उठली. खोपा तसाच राहिला. मी घड्याळ बघितलं होतं. अकरा मिनिटं. त्या दिवसाचा तिचा खेळ अकरा मिनिटांचा.

शाळा म्हणते ती गैरहजर. अंगणवाडी म्हणते ती आमच्या वयोगटातली नाही. तिची आई म्हणते, बाई, मी काय करू, हिला नाही ठेवलं तर बाळाला फडात उन्हात ठेवू? आणि आईचंही खरंच आहे.

हे कोडं नवं नाही. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई आणि अनुताईंनी काम सुरू केलं तेव्हा हरिजनवाड्यातली मुलं बालवाडीत येईनात. येत का नाहीत म्हणून त्या बघायला गेल्या. तिथे बालवाडीच वस्तीच्या अंगणात न्यावी लागली. ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना आज आपण ज्या नावानं ओळखतो ते नाव या अंगणातलं आहे. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेल्या. तिथे भावंडं सांभाळणाऱ्या पोरींचा प्रश्न होताच. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली, तिला विकासवाडी म्हटलं. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि मोठी बहीण शेजारच्या वर्गात. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या. खेळायचं वय कसं हिरावलं जातं हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायला नको होतं. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. पण त्यांची पद्धत साधी होती: मूल येत नाही तर त्याला दोष द्यायचा नाही, त्याच्या हातात काय आहे ते जाऊन बघायचं. त्यांनी बघितलं तेव्हा त्या हातात धाकटं भावंड होतं.

म्हणून पाळणाघराची मागणी ही नोकरदार बाईच्या सोयीपुरती मागणी आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना त्या अकरा मिनिटांबद्दल सांगा. पाळणाघर नसतं तेव्हा त्याची जागा एक मुलगी भरून काढत असते.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं ठीक, पण आम्ही बघायचं कधी? तीस मुलं, आहार, वजनं, गृहभेटी, सर्वेक्षण, त्यात 'पोषण ट्रॅकर'. खरं आहे. २०२१ मध्ये निकृष्ट मोबाइल परत करायचं आंदोलन तुम्हीच केलंत. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंतच्या संपात तुम्ही थंडीत बसलात. तुमच्या पायाखाली काय जळतं ते मला शिकवायची गरज नाही. मी नवं रजिस्टर मागत नाही. साधी शाळेची वही घ्या. रोज दोन मुलं ठरवा. दिवसभरात जमेल तेव्हा पाच-दहा मिनिटं त्या दोघांकडे डोळा ठेवा. घरी जाताना प्रत्येकाच्या दोन ओळी लिहा. काय केलं, कशानं, कुणाबरोबर, अडलं तेव्हा काय केलं. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्या बोलीत. पंधरा दिवसांत सगळ्यांवरून एक फेरी होते. एखाद्या मुलाची ओळ लिहिताना आठवेनाच की ते दिवसभर कुठे होतं, तर समजा, उद्या पहिलं त्याच्याकडे बघायचं. ही वही साहेबांना दाखवायची नाही. ती तुमची.

पण आणखी एक कारणासाठी ती जपून ठेवा. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला, तेव्हा तुम्ही तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण देता ही गोष्टही विचारात घेतली गेली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंही तीन वर्षांपासूनची मुलं शिक्षणाच्या रचनेत आणली. म्हणजे कागदावर तुम्ही शिक्षिका आहात. मानधन मात्र अजून 'स्वयंसेविके'चं. उद्या वाटाघाटीच्या टेबलावर कुणी म्हणालं की "तुम्ही तर नुसती पोरं सांभाळता", तर छकुलीच्या पानाची चार ओळींची नोंद त्यांना वाचून दाखवा. मुलं सांभाळणं हेही कमी काम नाही, हा मुद्दा आहेच, तो सोडू नका.

शेवटी आयांबद्दल. "खेळवत बसतात, शिकवत काही नाहीत," असं म्हणून धुणंभांडी करणाऱ्या आया पोटाला चिमटा काढून पोरांना खासगी इंग्रजी नर्सरीत घालतात. तीन वर्षांचं मूल पाटीवर गिरवतं तेव्हा त्यांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. त्यांना हसू नका. जिला बँकेत अंगठा लावताना कारकुनानं हटकलंय, तिला अक्षराची घाई असणारच. एका ताईंनी अशा आईला भाषण न देता दहा मिनिटं बसवून घेतलं आणि तिच्या मुलीच्या ओळी वाचून दाखवल्या: चिंचोके रंगावरून वेगळे केले, मग लहानमोठे लावले, एक कमी पडला तर शोधून आणला. आई म्हणाली, "हे तर ती घरीबी करती. मी लसूण निवडताना बारका-मोठा करायला तिलाच देते." ताई म्हणाल्या, "मग तुम्हीच शिकवलंत की." ती बाई पदर तोंडाला लावून हसली. नर्सरीतून काढलं का? नाही काढलं. पण दुसऱ्या आठवड्यात येऊन विचारलं, "आमच्या धाकटीबद्दल काय लिवलंय?"

बरं, वेळ झाला. चहा आला आहे. चहानंतर आपण अंगणात जाणार आहोत. तुमच्यातल्या ज्या मुलांना घेऊन आल्या आहेत, ती मुलं तिथे वाळूत खेळतायत. दोघी-दोघींच्या जोड्या करा, एक मूल निवडा, शक्यतो स्वतःचं नको. दहा मिनिटं, लांबून. प्रश्न विचारायचा नाही. वह्या आणि पेन्सिली दाराशी ठेवल्या आहेत. आणि दाराशी कडेवर बाळ घेऊन कुणी मोठी मुलगी उभी असेल, तर एका जोडीनं बाळ घ्या आणि दुसऱ्या जोडीनं तिच्याकडे बघा.